हे इथं कशाला आलंय?

कोडमधल्या एका ओळीशेजारी कॉमेंट होती: 'चाकण'. बस, एवढंच. ना तारीख, ना नाव, ना तिकीट नंबर. चार वर्षं ती ओळ तिथे सुखाने नांदत होती आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मीही नाही, आणि ती फाइल दीड वर्षापासून माझ्या नावावर होती.

मी हिंजवडीत गाड्यांच्या दारातल्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीममध्ये आहे. म्हणजे बटण दाबल्यावर काच वर-खाली करणारं सॉफ्टवेअर. लग्नकार्यात कुणी विचारलं आणि मी हे सांगितलं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर "एवढ्यासाठी इंजिनिअर?" असं स्पष्ट उमटतं. मग मी सांगते, की बटण एकदा दाबून सोडलं की काच आपोआप शेवटपर्यंत वर जाते. तेवढ्यात मागच्या सीटवरच्या पोराने हात बाहेर काढलेला असला तर? मान बाहेर काढलेली असली तर? मग चेहरा बदलतो.

यासाठी संयुक्त राष्ट्रांचा २१ क्रमांकाचा वाहन-नियम आहे. काच आपोआप बंद होत असताना मधे काही अडकलं, तर दाब १०० न्यूटनच्या पुढे जायच्या आत तिने उलटं फिरलं पाहिजे. १०० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने दहा किलोचं वजन टेकल्याइतका जोर. फट ४ मिलिमीटरपासून २०० मिलिमीटरपर्यंत असेल तेव्हा हे बंधन. शेवटच्या ४ मिलिमीटरला सूट, कारण तिथे काचेला रबराच्या खाचेत घुसायचं असतं आणि रबरच तिला अडवतं.

आता गंमत अशी, की आमच्या काचेच्या कडेला कुठलाही सेन्सर नाही. मोटरच्या आसाजवळ दोन हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक ओळखणारे सेन्सर आहेत, बाकी काही नाही. मोटर फिरली की त्यांच्याकडून पल्स येतात. पल्स मोजल्या की काच कुठवर आली ते कळतं, दोन पल्समधल्या वेळावरून वेग कळतो. वेग एकदम मंदावला म्हणजे काहीतरी आडवं आलं. किती मंदावला की अडथळा मानायचा, त्या मर्यादेला आम्ही थ्रेशोल्ड म्हणतो. ते बोट आहे, की जुनं झालेलं रबर, की थंडीने घट्ट झालेलं ग्रीस, की गाडी खड्ड्यात आपटल्यामुळे काचेला बसलेला हिसका, हे ओळखणं हाच आमचा पोटापाण्याचा उद्योग.

या उद्योगाला आयएसओ २६२६२ हे गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षेचं मानक लागू आहे. पहिली आवृत्ती २०११ची, दुसरी २०१८ची. त्यात आधी हिशेब मांडायचा: बिघाड झाला तर इजा किती गंभीर, तसा प्रसंग किती वेळा येतो, आणि माणसाला तो सावरता येईल का. या तीन उत्तरांवरून ए ते डी अशी श्रेणी पडते, डी सगळ्यात कडक. आमच्या काचेला बी पडली होती. मग वरून खाली उतरंड लागते. 'काचेने कुणाला चेमटू नये' हे सुरक्षेचं उद्दिष्ट, त्याखाली सिस्टिमच्या रिक्वायरमेंट्स, त्याखाली सॉफ्टवेअरच्या, त्याखाली डिझाइन, मग कोड, आणि प्रत्येक पायरीसमोर तिची टेस्ट. उतरंडीतल्या प्रत्येक वाक्याला वर आणि खाली दोन्हीकडे दोरी बांधलेली हवी. वरून ओढलं तर कोडची ओळ हलली पाहिजे, आणि ओळ ओढली तर वरचं वाक्य. याला ट्रेसेबिलिटी म्हणतात. ऐकायला इतकी रास्त गोष्ट, की कुणी विरोध करत नाही. करायला इतकी कंटाळवाणी, की कुणी वेळेवर करत नाही.

आम्हीही केली नव्हती. असेसमेंटची, म्हणजे हे सगळं मानकाप्रमाणे आहे का याच्या तपासणीची, तारीख आली तेव्हा कोड तयार होता, गाड्या टेस्टसाठी रस्त्यावर फिरत होत्या आणि डोअर्समध्ये निम्म्याहून जास्त लिंका नव्हत्याच. (रिक्वायरमेंट्स ठेवायच्या सॉफ्टवेअरचं नावच डोअर्स आहे. दारांच्या टीमने त्यावर करायचे ते सगळे विनोद करून झालेले आहेत.) टीम लीड म्हणाला, "तू आणि तो नवीन मुलगा बसा. तीन आठवडे आहेत. लिंका मारून टाका."

मारून टाका हेच बरोबर क्रियापद. शिक्के मारतात तशा आम्ही लिंका मारल्या. सॉफ्टवेअरच्या ४१२ रिक्वायरमेंट्स होत्या. पद्धत अशी, की रिक्वायरमेंटमध्ये 'रिव्हर्स' शब्द आहे, फंक्शनच्या नावात 'रिव्हर्स' आहे, झाली सोयरीक. टेस्टकडच्या लिंका तर आणखी सोप्या. 'काच पूर्ण वर नेऊन पूर्ण खाली आणणे' अशी एक भली टेस्ट होती, तिला आम्ही ४६ रिक्वायरमेंट्स जोडल्या. चाळीच्या नळावर बिऱ्हाडं असावीत तशी. तिसऱ्या शुक्रवारी रिपोर्ट काढला तर सगळे रकाने हिरवेगार. मी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला, कुणीतरी पेढ्याचा फोटो पाठवला. त्या तीन आठवड्यांत मी एकदाही कोड वाचला नव्हता. फंक्शनांची नावं वाचली होती.

असेसर बाई बंगळुरूहून आल्या. मूळच्या बेळगावच्या, त्यामुळे मीटिंग इंग्रजीत सुरू झाली तरी अवघड जागी त्या मराठीत यायच्या. पहिल्या दिवशी सकाळी लीडने तो हिरवा रिपोर्ट पडद्यावर लावला. बाईंनी तो दहा सेकंद पाहिला असेल. म्हणाल्या, "छान आहे, आता हे झाका. मला एखादी सोर्स फाइल उघडून द्या. तुम्ही निवडा." मी मोठ्या ऐटीत अडथळा ओळखणारी फाइल उघडली. आमच्या घरातली तीच सगळ्यात शिकलेली मुलगी.

बाई माउसचं चाक फिरवत खाली गेल्या, थांबल्या, थोड्या वर आल्या.

"इथं थ्रेशोल्डला दीडने गुणताय. हे इथं कशाला आलंय?"

"रफ रोडसाठी, मॅडम. खराब रस्त्यावर काच उगीच उलटी फिरू नये म्हणून."

"ते दिसतंय की. मागितलंय कुणी?"

मी लिंक दाबली. आमचीच, नुकती मारलेली, अजून ओली. वर उघडलं ते वाक्य असं होतं: 'काच वर जाताना अडथळा आल्यास सॉफ्टवेअरने तो ओळखून काच उलट दिशेने फिरवावी.' बाईंनी ते दोनदा मोठ्याने वाचलं.

"रिक्वायरमेंट म्हणती, ओळखा. ही ओळ म्हणती, जरा कमी ओळखा. आणि तुम्ही दोघांचं लग्न लावून दिलंय." मग चष्मा वर करून, "आणि चाकण म्हणजे काय? ते गाव आहे ना पुण्याजवळचं?"

खोलीत दोघं-तिघं हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला आणि हसणारेही गप्प झाले: "हे दीडपट चालू असताना दाब मोजलाय का? शंभरच्या आत येतो?"

कुणालाच माहीत नव्हतं. लीडला नाही, टेस्टिंगला नाही, सेफ्टी इंजिनिअरला नाही. सेफ्टी इंजिनिअरला तर अशी काही ओळ आहे हेच माहीत नव्हतं, आणि त्याचा दोष नव्हता. ज्याची रिक्वायरमेंटच नाही ते त्याच्या टेबलावर पोचणार कुठून? अशा, वरून न आलेल्या आणि खालीच जन्मलेल्या गरजेला 'डिराइव्ह्ड' म्हणतात, आणि ती मुद्दाम वर नेऊन सेफ्टीवाल्यांना दाखवावी लागते. आमची ती कधी वर गेलीच नव्हती. बाईंनी मेजर फाइंडिंग, म्हणजे गंभीर त्रुटी, लिहिली. दोन दिवसांत अशी अजून अकरा निघाली, पण माझ्या डोक्यात हेच राहिलं.

ती ओळ कधी आली हे शोधणं सोपं होतं. बदलांच्या नोंदीत चार वर्षांपूर्वीची तारीख, वेळ रात्री पावणेदोनची, आणि सोबतचा मजकूर 'फिक्स'. ज्याने ती घातली तो आता श्टुटगार्टला असतो. मी त्याला फोन केला, तो आनंदाने बोलला. "अगं, चाकण-तळेगाव रस्ता! कस्टमरचे, म्हणजे गाडीवाल्या कंपनीचे साहेब गाडीत, पावसाळा, आम्ही डेमो देतोय. काच वर न्यायला जावं तर प्रत्येक खड्ड्याला आपली खाली. तीनदा झालं. साहेब म्हणाले, उद्या सकाळी परत बघतो. मग रात्री बसून वेगाचा वर-खाली होण्याचा पॅटर्न पकडला. तो दिसला की थ्रेशोल्ड दीडपट. सकाळी काच एकदा पण नाही फिरली." दीडच का, हे विचारल्यावर तो क्षणभर थांबला. "सव्वाने केलं तर एकदा फिरली होती."

त्याच्यावर रागवावं असं काही नव्हतं. पॅटर्न त्याने खरोखर हुशारीने पकडला होता, आजही तो भाग तसाच आहे. काच रस्त्यात उगाच खाली येणं हीसुद्धा खोटी अडचण नव्हती. फक्त ती सगळी गोष्ट त्याच्या डोक्यात राहिली आणि डोकं जर्मनीला गेलं. आमच्याकडे मागे उरलं गावाचं नाव.

बाईंनी जाता जाता मार्स पोलर लँडरबद्दल वाचा असं सांगितलं होतं. त्या रात्री वाचायला घेतलं आणि झोप उडाली. नासाचं हे यान ३ डिसेंबर १९९९ला मंगळावर उतरताना हरवलं. त्याच्या पायांत जमीन लागल्याचं सांगणारे सेन्सर होते, आणि तेही हॉल सेन्सर, आमच्या मोटरमध्ये असतात त्याच जातीचे. जमिनीपासून सुमारे १,५०० मीटरवर यान आपले तीन पाय उघडणार, आणि पाय झटक्याने उघडले की सेन्सर क्षणभर खोटंच सांगतात: टेकलो. हे इंजिनिअर लोकांना माहीत होतं. वरच्या पातळीच्या रिक्वायरमेंटमध्ये म्हणूनच लिहिलं होतं, की अमुक उंचीच्या खाली येईपर्यंत या सेन्सरची माहिती वापरू नका. पण का वापरायची नाही, तो खोटा सिग्नल कधी येतो, हे सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंटमध्ये उतरलंच नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी आपल्यापुढच्या वाक्याचं पालन केलं. माहिती वापरायला सुरुवात ४० मीटरवर केली, पण पाय उघडताना उठलेली 'टेकलो' ही खूण पुसली नाही. ४० मीटरवर सॉफ्टवेअरने खूण पाहिली आणि इंजिनं बंद केली, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. तिथून यान सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने आदळलं असणार. यानाकडून पुढे काही कळलंच नाही, म्हणून सर्वांत संभाव्य कारण असंच अहवालात म्हटलं आहे.

मला हलवून गेली ती त्याच अहवालातली दुसरी गोष्ट. पाय उघडण्याची चाचणी जमिनीवर झाली होती. पण तेव्हा सेन्सरची वायरिंग चुकलेली होती, त्यामुळे खोटा सिग्नल दिसलाच नाही. वायरिंग नंतर दुरुस्त केली, चाचणी मात्र पुन्हा घेतली नाही. मी लॅपटॉप बंद केला आणि आमची लॅब आठवली. आमचं टेस्टचं दार लोखंडी स्टँडला बोल्टने घट्ट बसवलेलं आहे. स्टँडला खड्डे नाहीत. म्हणजे रफ रोडचा झेंडा, खराब रस्ता ओळखला की कोडमध्ये वर होणारी खूण, आमच्या लॅबमध्ये आजवर कधी वर गेलेलाच नव्हता. १०० न्यूटनच्या आमच्या सगळ्या टेस्ट पास होत्या, आणि सगळ्याच्या सगळ्या गुळगुळीत रस्त्यावरच्या होत्या.

मधल्या रविवारी गावी गेले होते, कोरेगाव तालुक्यात. अण्णा, म्हणजे माझे मोठे चुलते, तलाठी म्हणून निवृत्त झालेत. माझं तोंड उतरलेलं पाहून त्यांनी काय झालं ते विचारलं आणि मी जमेल तसं सांगितलं. कोड वगैरे त्यांनी सोडून दिलं, पण 'ओळ आहे, ती कुठून आली ते कळत नाही' म्हटल्यावर त्यांचे कान टवकारले. कपाटातून आमच्याच शेताचा जुना सातबारा काढला आणि खिडकीशी नेऊन दाखवला. "हे नाव बघ. नावाच्या शेजारी वर्तुळात आकडा आहे, दिसतोय? तो फेरफार नंबर. नाव कशानं लागलं ते सातबारा सांगत नाही. तो नंबर घ्यायचा आणि सहा नंबरची नोंदवही उघडायची. तिथं लिहिलेलं असतं, वारसानं लागलं का खरेदीनं का कोर्टाच्या हुकमानं. तारीख असती. मी लिहायचो आणि सर्कल, म्हणजे माझ्या वरचा मंडळ अधिकारी, प्रमाणित करायचा, माझं मी करून चालायचं नाही."

"आणि नाव असलं पण वर्तुळ नसलं तर?"

अण्णा हसले. "तर दोन पिढ्या कोर्टात."

मी चाळीस वर्षांच्या त्या कागदाकडे बघत राहिले. शाई उडालेली, घडीवर फाटलेला, पण प्रत्येक नावाला आपलं वर्तुळ. आमच्याकडे परवान्याला लाखो रुपये मोजलेलं सॉफ्टवेअर होतं आणि त्यात वर्तुळंच वर्तुळं होती. सहा नंबरची वही मात्र कोरी.

सोमवारी लॅबमध्ये गेले. लॅब सांभाळणाऱ्यांना सगळे मामा म्हणतात. वीस वर्षं हातात गेज धरून त्यांचा अंगठा एका बाजूने चपटा झालाय असं ते स्वतःच सांगतात. दाब मोजायचं गेज म्हणजे स्प्रिंग असलेला ठोकळा, एक मिलिमीटर दबायला दहा न्यूटन लागतील अशा कडकपणाचा. काचेच्या वाटेत धरायचा, काच येऊन आपटते, किती जोर लागला तो आकडा पडद्यावर राहतो. मी कोडमध्ये रफ रोडचा झेंडा जबरदस्तीने वर करून ठेवला आणि मामांना म्हटलं, आता मोजा.

आधी झेंडा खाली असताना घेतले होते ते आकडे ६५ ते ८०च्या दरम्यान. झेंडा वर केल्यावर पहिला आला ९३. मामा म्हणाले, "बसतंय." दुसरा ९७. मग आम्ही दार कोल्ड चेंबरमध्ये घातलं, रात्रभर गार केलं, सकाळी पुन्हा बसलो. १०४. मामांनी गेज पुसलं, शून्यावर आणलं, पुन्हा धरलं. १११. या वेळी ते काही बोलले नाहीत, फक्त पडदा माझ्याकडे वळवला.

म्हणजे थंड सकाळ, खराब रस्ता, मागच्या खिडकीत पोराचा हात. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या पाहिजेत हे खरं. पण आपल्याकडे घाटात डिसेंबरच्या सकाळी सहलीला निघालेल्या गाडीत त्या एकत्र यायला कितीसा वेळ लागतो?

दुरुस्ती कोडपुरती दोन दिवसांची होती. दीडपट काढून टाकली. त्याऐवजी भरपाई, म्हणजे खराब रस्त्यासाठी थ्रेशोल्डला दिलेली वाढ, तापमानाप्रमाणे कमी-जास्त होईल अशी केली, तिला वरची हद्द घातली, गाडी उभी असेल तर ती चालूच होणार नाही असं केलं. खरं काम पुढे होतं. आता ही गरज कागदावर आणायची होती. पहिला मसुदा मी लिहिला: 'खराब रस्त्यावर काच अनावश्यकपणे उलटी फिरू नये.' सेफ्टी इंजिनिअरने तो परत पाठवला. अनावश्यक म्हणजे किती? खराब म्हणजे कसा? हे वाक्य मोजायचं कशाने? शेवटी एकाच्या जागी तीन वाक्यं झाली. सगळ्यात महत्त्वाचं तिसरं, आणि ते पहिल्याच्या विरोधात उभं राहणारं: भरपाई चालू असतानाही, कुठल्याही ठरलेल्या तापमानाला, दाब १०० न्यूटनच्या आतच राहील. पहिल्या दोघांनी ओढायचं आणि तिसऱ्याने धरून ठेवायचं.

कस्टमरला हे पटवायला पाच आठवडे लागले. कारण भरपाईला हद्द घातली की खड्ड्यात काच अधूनमधून फिरणार, हे उघड आहे. त्यांच्या बाजूचे एक साहेब प्रत्येक कॉलवर हेच विचारायचे: चार वर्षं तक्रार नव्हती, मग आता का? उत्तर द्यायला आमच्याकडे फक्त मामांचे आकडे होते. पण ते असे आकडे होते, की एकदा मेलमध्ये गेल्यावर 'जुनंच ठेवा' असं लिहून द्यायला कुणी तयार होईना.

तोवर मी आणि तो नवीन मुलगा पुन्हा लिंकांना बसलो होतो. या वेळी माझी एकच अट होती. लिंक जोडताना 'का' याचं एक वाक्य लिहायचं, आणि ते दुसऱ्याने वाचून मान्य करायचं. वाक्य सुचलं नाही तर लिंक नाही. पहिल्या आठवड्यात ३० झाल्या. लीडने रोजचा आकडा विचारायचं बंद केलं, हे त्याचे उपकारच. ४६ बिऱ्हाडांच्या त्या टेस्टला शेवटी ५ उरली, बाकीच्यांना स्वतंत्र टेस्ट लिहाव्या लागल्या. आणि उलट बाजूने, कोडकडून वर जाताना, एक अनोळखी पाहुणा सापडला.

चौकट नसलेल्या दारांच्या गाड्या असतात, कूपे प्रकारच्या. त्यांची काच थेट छताच्या रबरात बसते, म्हणून हँडल ओढलं की दार उघडायच्या आधी काच काही मिलिमीटर खाली सरकते. आमच्या गाडीला साधी चौकट आहे, तिथे याचा काही उपयोग नाही. तरी ते सगळं फंक्शन आमच्या कोडमध्ये होतं. मूळ प्लॅटफॉर्ममधून आलेलं, एका पॅरामीटरने, म्हणजे सेटिंगच्या आकड्याने, झोपवलेलं. नवीन मुलगा म्हणाला, "बंदच आहे, राहू दे ना."

युरोपच्या एरियान ५च्या पहिल्या रॉकेटबद्दल मी कॉलेजात ऐकलं होतं, पण आकडा मोठा झाला आणि मावला नाही एवढंच लक्षात होतं. ४ जून १९९६, फ्रेंच गयानातलं कूरू. मुख्य इंजिन पेटवायला सुरुवात झाल्यापासून सुमारे ३७ सेकंदांनी, म्हणजे उड्डाणानंतर सुमारे ३० सेकंदांनी, दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली, राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर असल्यामुळे तीही गेली, आणि रॉकेट फुटलं. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत कोंबताना हे झालं, ते खरंच. पण ज्या कामासाठी तो आकडा कोंबला जात होता, ते काम एरियान ५ला उड्डाणानंतर लागतच नव्हतं. उलटगणती अगदी शेवटी थांबवावी लागली तर पुन्हा लवकर सुरू करता यावी म्हणून एरियान ४मध्ये ते उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू ठेवत. गरज जुन्या रॉकेटबरोबर संपली, कोड मात्र नव्यात बसून आला. मी मुलाला एवढंच सांगितलं आणि विचारलं, की हा पॅरामीटर कारखान्याच्या लाइनवर चुकून उलटा लिहिला गेला तर काच ४ मिलिमीटरचं गणित कुठून सुरू करेल? तो पंधरा मिनिटं कागदावर काहीतरी काढत बसला आणि मग स्वतःच म्हणाला, काढून टाकूया. काढायलाही रिव्ह्यू लागला, टेस्ट पुन्हा चालवाव्या लागल्या, चार दिवस गेले.

सगळं धरून रिलीज अकरा आठवडे लांबलं. बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पुन्हा रिपोर्ट पाहिला नाही. या वेळी आमच्या रिपोर्टमध्ये १९ रकाने लाल होते, कारण त्यांच्यासाठी 'का'चं वाक्य आम्हाला सुचलं नव्हतं. ते लाल बघून त्या पहिल्यांदा हसल्या. भरपाईच्या रिक्वायरमेंटखालचा कारणांचा रकाना त्यांनी पूर्ण वाचला. त्यात श्टुटगार्टच्या फोनचा सारांश होता, मामांचे आकडे होते, थंड चेंबरची तारीख होती. आमच्या मॅनेजरनी त्यातलं गावाचं नाव काढा म्हणून सांगितलं होतं, कस्टमरला बरं दिसणार नाही म्हणून. मी काढलं नव्हतं. बाईंनी तिथे बोट ठेवून "अच्छा, हे चाकण" एवढंच म्हटलं आणि पुढे गेल्या.

गेल्या महिन्यात कस्टमरकडून तिकीट आलं. खराब रस्त्यावर काच आपोआप खाली येते, तीव्रता मध्यम. लीडने ते त्या मुलाला दिलं. आता त्याला नवीन म्हणणं बरोबर नाही, पण अजून सगळे म्हणतात. तासाभराने तो माझ्या टेबलाशी आला. भरपाईची हद्द वाढवली तर तिकीट सुटेल, हे त्याला दिसलं होतं. मग त्याने लिंक दाबली होती, वर गेला होता आणि तो रकाना शेवटपर्यंत वाचून आला होता.

"म्हणजे हद्दीला हात लावायचा नाही. पॅटर्न अजून बारीक पकडावा लागेल," तो म्हणाला. "त्यासाठी रस्त्यावरचा डेटा लागणार. परत चाकणला जायचं का?"

"पाऊस सुरू व्हायच्या आत जाऊन या," मी म्हटलं. "आणि मामांना विचार, गेज घेऊन येतात का."